पाहुण्याची सेवा आणि मुक्कामाचा आजार

कॅन्सर झालेल्या मुलाला सर्वांत जास्त गरज कशाची, असे विचारले तर औषध, पैसा, माया ही उत्तरे चटकन येतात. तिन्ही बरोबर आहेत. पण गरीब देशांतल्या कॅन्सर वॉर्डात वर्षानुवर्षे काम केलेल्या डॉक्टरांना आणि नर्सना विचारले, तर ते आणखी एक गोष्ट सांगतात आणि बहुधा तीच आधी सांगतात: सुरू केलेला उपचार शेवटपर्यंत पार पडणे. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर रक्ताचा, त्यातही ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. परदेशातून मदतीला येणारा स्वयंसेवक मात्र काही आठवड्यांसाठी येतो, फार तर काही महिन्यांसाठी. आजार मुक्कामाला आलेला आणि मदतनीस पाहुणा, हा सगळ्या गोष्टीतला मूळ पेच आहे. माझे म्हणणे असे की परदेशी जाऊन आजारी मुलांची सेवा करण्यात काही वाईट नाही, पण त्या सेवेचे मोल जाणाऱ्याच्या मनातल्या कळवळ्यावरून ठरवू नये आणि मुलाच्या चेहऱ्यावर घटकाभर उमटलेल्या हसण्यावरूनही ठरवू नये. पाहुणा परत गेल्यावर त्या मुलाचा उपचार चालू राहण्याची शक्यता वाढली का, या एकाच कसोटीवर ते ठरवावे. कसोटी रुक्ष वाटेल. पण मुलाच्या बाजूने पाहिले, तर तिच्याइतकी प्रेमळ दुसरी कसोटी सापडत नाही.

आधी आकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्केही होत नाहीत. ही दरी बुजवण्यासाठी संघटनेने २०१८ मध्ये जागतिक उपक्रम सुरू केला आणि २०३० पर्यंत जगभरातली किमान ६० टक्के मुले वाचावीत असे लक्ष्य ठेवले. दरीचे कारण औषधांचा शोध लागायचा राहिला आहे, हे नाही. व्हिन्क्रिस्टीन, मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फामाइड, प्रेडनिसोलोन ही सगळी काही दशकांपूर्वीची औषधे आहेत, त्यांची पेटंट कधीच संपली आहेत. मुले जातात ती निदान उशिरा झाल्याने, औषधांचा पुरवठा मध्येच तुटल्याने, केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना जंतुसंसर्ग झाल्याने, आणि उपचार अर्ध्यावर सुटल्याने. सलग चार आठवडे किंवा त्याहून जास्त उपचार चुकला, की तज्ज्ञ त्याला 'उपचार सोडला' असे म्हणतात. सोडणारे आईबाप बेफिकीर असतात असे नाही. एसटीभाड्याला पैसे उरत नाहीत, पेरणी किंवा काढणी तोंडावर येते, घरी ठेवलेल्या धाकट्यांकडे बघायला कोणी नसते. कधी कधी तर पहिल्या औषधाचा गुणच आडवा येतो. आफ्रिकेतल्या मुलांना होणाऱ्या बर्किट लिम्फोमात जबड्यावर आलेली मोठी गाठ पहिल्या एक-दोन डोसांतच झपाट्याने विरघळते. चेहरा पुन्हा पूर्वीसारखा दिसू लागतो, मूल जेवू लागते, आणि घरच्यांना वाटते की झाले, बरे झाले. ते गावी परततात आणि काही आठवड्यांनी गाठ परत येते.

यावर उपाय चालतो, याचा पुरावा ब्राझीलच्या ईशान्येतल्या रेसिफे शहरातून मिळतो. तिथल्या एका गरिबांच्या रुग्णालयाने अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाच्या साथीने मुलांच्या ल्युकेमियाचा कार्यक्रम उभा केला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांनंतर आजारमुक्त असलेल्या मुलांचे प्रमाण १९८०च्या दशकात ३२ टक्के होते, ते १९९७ ते २००२ या काळात ६३ टक्क्यांवर गेले. उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आले. हे घडले कसे? ठरलेली उपचारपद्धती काटेकोर पाळणे, मुलांसाठी वेगळा विभाग, प्रशिक्षित नर्स, यांच्या जोडीला गावाहून येणाऱ्या कुटुंबांची राहण्याची सोय, प्रवासाचा खर्च, जेवण आणि सामाजिक आधार. त्यासाठी शहरातल्याच लोकांनी संस्था काढली आणि पैसा गोळा केला. मेम्फिसची मदत महत्त्वाची होती. ज्ञान, प्रशिक्षण आणि सल्ला तिकडून आला. पण मुलाच्या उशाशी बसायला तिकडून माणसे आली म्हणून हे आकडे बदलले नाहीत. उशाशी बसणारी आई तिथे टिकून राहिली म्हणून बदलले.

परदेशी मदतीचा सर्वांत बोलका इतिहास मात्र युगांडाचा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी वाचता येतो. डेनिस बर्किट हा आयरिश शल्यचिकित्सक कंपालाच्या मुलागो रुग्णालयात काम करत होता. दोन्ही बाजूंनी जबडा सुजलेली मुले पाहून त्याने या आजाराचा माग काढला आणि १९५८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांसह एका जुन्या मोटारीतून सुमारे १० हजार मैल फिरून, आफ्रिकेच्या कोणत्या भागात हा आजार होतो आणि कुठे होत नाही, याचा त्याने नकाशा तयार केला. १९६७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या मदतीने मुलागोत लिम्फोमाचे उपचारकेंद्र निघाले. तेच आजच्या युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूटचे मूळ. जॉन झीग्लर या तरुण अमेरिकन डॉक्टरने ते उभे केले, आणि तिथल्या मुलांवरच्या केमोथेरपीच्या कामाला १९७२ मध्ये लास्कर पुरस्काराचा मान मिळाला. त्याच सुमारास इदी अमीनची राजवट चढणीला लागली होती. आशियाई कुटुंबांची हकालपट्टी झाली, परदेशी डॉक्टरही निघून गेले. पाहुण्यांच्याच जिवावर चाललेली संस्था त्या वेळी बंद पडली असती. ती पडली नाही, कारण चार्ल्स ओल्वेनी या युगांडाच्याच डॉक्टरकडे तोवर काम येऊन पोचले होते. दारिद्र्य, युद्ध, औषधटंचाई यांतून रखडत का होईना, संस्था चालत राहिली. पुढे एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॅक्सन ओरेम यांनी ती हाती घेतली, तेव्हा कॅन्सरचे प्रशिक्षित तज्ज्ञ म्हणून त्या कोट्यवधी लोकसंख्येच्या देशात जवळजवळ तेच एकटे होते. या इतिहासातून 'परदेशी लोक नकोत' असा निष्कर्ष निघत नाही. निष्कर्ष असा की बर्किट दीड-दोन दशके तिथे राहिला म्हणून त्याला आजार दिसला, आणि झीग्लरच्या मागे ओल्वेनी होता म्हणून झीग्लरचे काम वाया गेले नाही.

याच कंपालात आणखी एक उदाहरण आहे, ते मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. ॲन मेरिमन या ब्रिटिश डॉक्टर १९९३ मध्ये तिथे आल्या आणि त्यांनी हॉस्पिस आफ्रिका युगांडा ही संस्था सुरू केली. ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे, त्यांच्या वेदना कमी करणे हे तिचे काम. मॉर्फिनची पावडर पाण्यात विरघळवून, टिकण्यासाठी थोडे रसायन घालून, ताकद ओळखता यावी म्हणून वेगवेगळा रंग टाकून बाटल्यांत भरायचे, इतके ते औषध साधे आणि स्वस्त. अडचण औषधाची नव्हतीच. देशात डॉक्टर मोजके आणि मॉर्फिन लिहून द्यायचा अधिकार फक्त त्यांना, म्हणून खेड्यातला रुग्ण तळमळत राही. २००४ मध्ये युगांडाने नियम बदलले आणि वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना हा अधिकार दिला. जगात असे करणारा तो पहिला देश मानला जातो. मेरिमन यांच्या सोबतीने किती रुग्णांना धीर आला असेल, ते मोजता येणार नाही. पण त्यांचे खरे देणे मागे राहिले ते औषध तयार करण्याच्या कृतीत, बदललेल्या नियमात आणि शिकून तयार झालेल्या नर्समध्ये. मागे राहण्याची ही अट नुसत्या यंत्रांना पुरी करता येत नाही, हेही त्याच शहराने पाहिले आहे. २०१६ मध्ये मुलागोतले रेडिएशनचे यंत्र कायमचे बंद पडले. साऱ्या देशात ते एकच होते. नवे येईपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ युगांडातल्या कॅन्सर रुग्णाला रेडिएशन हवे असेल, तर देशाबाहेर जावे लागे. वस्तू आणून ठेवली आणि ती चालवण्याची, दुरुस्त करण्याची, बदलण्याची व्यवस्था उभी राहिली नाही, तर यंत्रही पाहुणाच ठरते.

आता अशा वॉर्डात थोड्या दिवसांसाठी आलेला स्वयंसेवक काय करू शकतो, ते जवळून पाहू. आफ्रिकेतल्या बहुतेक सरकारी रुग्णालयांत रुग्णाचे खाणे, धुणे, अंग पुसणे हे सोबतच्या माणसाचे काम असते. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांची ज्यांना माहिती आहे त्यांना हे नवे नाही. आई जमिनीवर चटई टाकून झोपते, अंगणात चूल किंवा शेगडी पेटवते, आणि सकाळी रक्ततपासणीचा कागद घेऊन रांगेत उभी राहते. पाठीच्या मणक्यातून औषध द्यायचे असते तेव्हा मुलाला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन, अजिबात हलू न देता धरावे लागते. रात्री अंग तापले, तर सकाळची वाट पाहून चालत नाही. पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाचा ताप काही तासांत जिवावर उठतो, म्हणून हातात थर्मामीटर असणे आणि ताप दिसताच नर्सला उठवण्याची आईला हिंमत असणे, यावर मुलाचा जीव अवलंबून असतो. यांपैकी बहुतेक कामे भाषा, ओळख आणि सराव मागतात. उत्तर युगांडातून आलेल्या आचोली मुलाला कंपालात बोलली जाणारी लुगांडा भाषाही परकी असते. मग इंग्रजीत गाणी म्हणून दाखवणाऱ्या पाहुण्याची काय कथा? शिवाय पाहुणा स्वतःबरोबर धोकाही आणतो. कोणाला साधी सर्दी झालेली असते, तर कोणी विमानात कांजिण्यांच्या किंवा गोवराच्या रुग्णाशेजारी बसून आलेला असतो. निरोगी मुलाला जे आठवड्यात बरे होते, ते केमोथेरपी चाललेल्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून लसीकरणाचा पुरावा मागितल्यावर ज्याला अपमान वाटतो, त्याने या वॉर्डाकडे फिरकू नये.

यावर पहिला आक्षेप येतो तो मायेचा. उपचार म्हणजे काय नुसती औषधे? महिनोन्‌महिने पलंगावर पडून असलेल्या मुलाबरोबर कोणी खेळले, चित्रे काढली, गोष्ट सांगितली, तर त्याचे काय चुकले? चुकले काहीच नाही. खेळ आणि शाळा यांना मुलांच्या कॅन्सर उपचारात हक्काची जागा आहे, आणि चांगली रुग्णालये त्यासाठी खास माणसे नेमतात. प्रश्न खेळाचा नसून खेळगडी दर तीन आठवड्यांनी बदलण्याचा आहे. लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन या अभ्यासकांनी २०१० मध्ये एड्समुळे अनाथ झालेल्या मुलांच्या संस्थांतल्या परदेशी स्वयंसेवकांविषयी लिहिताना नेमकी हीच चिंता मांडली होती: ज्या मुलांनी आधीच बरेच गमावले आहे, त्यांच्याशी झटपट लळा लावायचा आणि परतीच्या तारखेला तो तोडायचा, हे पुन्हा पुन्हा घडत राहिले की मुलाचे नुकसान होते. कंबोडियात याहून वाईट झाले. पर्यटकांचा आणि देणगीदारांचा ओघ वाढला तशी अनाथालयांची संख्याही फुगत गेली, आणि युनिसेफच्या पाहणीत तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे दिसून आले. कॅन्सर वॉर्डातली मुले अनाथ नसतात. त्यांची आई पलंगाशेजारीच बसलेली असते. म्हणून तर प्रश्न आणखी टोकदार होतो. मुलाला हसवण्याचे काम पाहुण्याने घेतले आणि आईकडे उलटीचे भांडे रिकामे करण्याचे काम उरले, तर ही वाटणी कोणाच्या सोयीची झाली? पाहुण्याने भांडे उचलावे, पाणी उकळून आणावे, रांगेत उभे राहावे, आणि त्या तासाभरात आईने मुलाशी खेळावे. मायेचा हिशेबच मांडायचा, तर तो असा मांडला पाहिजे.

रुग्ण सोळा-सतरा वर्षांचा असेल तर गुंतागुंत वाढते, कारण तो आणि स्वयंसेवक जवळपास एकाच वयाचे असतात. दोघांना एकच फुटबॉल संघ आवडतो, दोघांच्या हातात मोबाइल असतो, मैत्री खरोखर होते. अशी मैत्री आईच्या किंवा नर्सच्या सोबतीपेक्षा वेगळी असते आणि त्या वयात ती हवीही असते, हे मान्य केले पाहिजे. पण मैत्रीला बांधिलकी असते. केस गेलेल्या, स्टेरॉइडने तोंड सुजलेल्या मित्राबरोबरचा फोटो आपल्या खात्यावर टाकणे, खाली चार भावुक ओळी लिहिणे आणि महिनाभराने त्याच्या संदेशाला उत्तर द्यायला विसरणे, याला मैत्री म्हणत नाहीत. फोटोला संमती घेतली होती, हे उत्तरही पुरे पडत नाही. ज्या कुटुंबाचा उपचार दुसऱ्याच्या उपकारावर चालला आहे, त्या कुटुंबातली आई 'नको' कशी म्हणेल? तो मुलगा बरा झाला, तर पंचविशीत नोकरीच्या मुलाखतीला जाईल, लग्नाचे बोलणे होईल, आणि त्या सगळ्या वेळी तो फोटो जगात फिरतच असेल. म्हणून साधा नियम असावा: वॉर्डात फोटो नाही. संपर्क ठेवण्याचे वचन द्यायचे असेल, तर उपचार संपेपर्यंत ते पाळता येईल अशी खात्री असल्यावरच द्यावे. आठवड्याला एक ठरलेला फोन दोन वर्षे केला, तर परदेशी मित्राची ती सोबत त्याने प्रत्यक्ष तिथे घालवलेल्या तीन आठवड्यांपेक्षा मोठी ठरेल.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे. या प्रवासांचा उपयोग मुलांना कमी झाला तरी जाणाऱ्यांना होतो. त्यांचे डोळे उघडतात, ते जन्मभर देणगी देतात, कोणी त्यातून डॉक्टर होतो, म्हणून हे प्रवास चालू राहावेत. यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात हशील नाही. विचारवंत इव्हान इलिच याने एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेला जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांसमोर भाषण करताना टोकाची भूमिका घेतली होती: बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. स्वतः इलिच व्हिएन्नात जन्मलेला, अमेरिकेत पाद्री म्हणून काम केलेला आणि मेक्सिकोत येऊन स्थिरावलेला. बाहेरच्या माणसाने काहीच करू नये, हे त्याच्या स्वतःच्या आयुष्याशीही जुळत नाही. तरी त्याच्या म्हणण्यातला एक धागा सुटू देऊ नये. शिकायला आलेला माणूस स्वतःला विद्यार्थी म्हणवतो, जागा मागतो, फी भरतो, गप्प बसून ऐकतो. मदतीला आलेला माणूस मात्र यजमानाकडून आभाराची अपेक्षा ठेवतो. आपण मुख्यतः शिकायला चाललो आहोत, हे ज्याने प्रामाणिकपणे मान्य केले, त्याची वागणूक आपोआप सुधारते. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे. आपल्या देशात जी सुई हातात दिली जाणार नाही, ती परदेशातल्या गर्दीच्या वॉर्डात सहज मिळते म्हणून चालवायची, ही उघड फसवणूक आहे. दुसऱ्याच्या मुलाचा आजार हे आपल्या व्यक्तिमत्त्व विकासाचे साधन नाही. त्यातून विकास झालाच, तर तो आनुषंगिक लाभ समजावा आणि त्याची किंमत कशी चुकवायची याचा विचार जाण्यापूर्वीच करावा.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. एका नर्सकडे डझनावारी मुले असतील, तर येईल तो हात हवाच. तत्त्वे सांगत बसणे ज्यांच्याकडे मनुष्यबळ आहे त्यांना परवडते. पण नवा आलेला प्रत्येक हात आधी वेळ घेतो. त्याला जागा दाखवावी लागते, नियम सांगावे लागतात, चुका निस्तराव्या लागतात, आणि हे सगळे करायचे ते त्याच दमलेल्या नर्सने. त्याने वीस दिवसांत जितके दिले त्यापेक्षा जास्त घेतले, असे सहज घडते. उलट, ज्या मदतीने मुले वाचली तिची रीत वेगळी दिसते. १९८६ मध्ये इटलीतल्या मोंझाच्या रुग्णालयातले डॉक्टर ज्युसेप्पे मासेरा आणि त्यांचे सहकारी यांनी निकाराग्वाच्या राजधानीतल्या, मानाग्वातल्या ला मास्कोता या मुलांच्या रुग्णालयाशी जोडी जमवली. निकाराग्वात तेव्हा यादवी युद्ध चालू होते. ठरले असे की तिथल्या डॉक्टरांना आणि नर्सना शिकवायचे, औषधांचा पुरवठा सांभाळायचा, निदानासाठी नमुने पाहून द्यायचे, आईबापांना आधार द्यायचा, आणि हे एका वर्षासाठी करायचे नाही. त्या जोडीतून पुढे मध्य अमेरिकेतल्या अनेक देशांच्या बालकॅन्सर तज्ज्ञांचे जाळे उभे राहिले. यात इटलीहून जाणारे-येणारे पुष्कळ होते. पण प्रत्येक जाणारा आधीच्याने सोडलेले काम उचलत असे आणि पुढच्याच्या हाती देत असे. तो व्यक्ती म्हणून पाहुणा असला, तरी त्याचे काम मुक्कामी होते. थोड्या दिवसांच्या स्वयंसेवकालाही अशा साखळीत जागा मिळू शकते. रुग्णनोंदींची वही नीट लावणे, न आलेल्या मुलांच्या घरी फोन करणाऱ्या समाजसेविकेसाठी यादी तयार करणे, औषधसाठ्याचा हिशेब ठेवणे, राहण्याच्या जागेत भांडी-बिछाने पाहणे, बसभाड्यासाठी पैसा उभा करणे, ही सगळी कामे दिसत नाहीत. यांतल्या कशाचाही फोटो चांगला येत नाही. पण उपचार सुटतो तो इथेच, आणि सांधला जातो तोही इथेच.

हा विषय आपल्यापासून दूरचा वाटू नये, कारण या देवघेवीच्या दोन्ही टोकांना आपण उभे आहोत. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयात जगभरचे विद्यार्थी आणि हौशी सेवाभावी येतात, आणि इकडून मराठी तरुणतरुणी सेवेच्या नावाखाली आफ्रिकेत आणि आग्नेय आशियात जाऊ लागले आहेत. बाहेरून आलेली मदत कशी लागू पडते, याचा धडा परळला चांगला माहीत आहे. १९७०च्या दशकात भारतात ल्युकेमिया झालेल्या मुलांपैकी २० टक्केही वाचत नसत. १९८४ च्या सुमारास इयान मॅग्रॅथ या अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या डॉक्टरच्या सहकार्याने मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या तीन केंद्रांनी 'एमसीपी ८४१' ही एकच उपचारपद्धती राबवायला घेतली. हे मॅग्रॅथ त्याआधी कंपालात बर्किट लिम्फोमाच्या मुलांवर काम करून आलेले. चौदा वर्षांच्या अनुभवाअंती तिन्ही ठिकाणी चार वर्षांनंतर आजारमुक्त असलेल्या मुलांचे प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत गेले. बाहेरच्या माणसाने आराखडा दिला, राबवला तो इथल्यांनी, वर्षानुवर्षे, त्याच त्या नोंदी ठेवत. तरीही उपचार सोडण्याचा प्रश्न उरलाच होता. टाटामध्ये एके काळी साधारण पाचातले एक मूल उपचार घ्यायला नकार देई किंवा मध्येच सोडून जाई. समुपदेशन, पैशाची मदत, राहण्याची सोय आणि सतत पाठपुरावा अशी यंत्रणा उभी केल्यावर हे प्रमाण काही वर्षांत पाच टक्क्यांच्या घरात आले. नाना पालकर स्मृती समिती, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, २००६ पासून कुटुंबांना मोफत निवारा देणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स यांच्यासारख्या जागा नसत्या, तर बिहार-बंगालहून आलेले कुटुंब फुटपाथवर किती दिवस तग धरणार? त्या जागांना स्वयंसेवकांचा हातभार लागतो. पण ते स्वयंसेवक याच शहरात राहतात आणि पुढच्या मंगळवारीही येतात. इथे कोणी विचारेल की मग परदेशी कशाला जायचे, परळलाच जावे. बहुतेकांसाठी ते उत्तर बरोबरच आहे, आणि ते स्वस्तही पडते. तरी त्याचा नियम करू नये. युगांडातल्या मुलाचा आजार हा युगांडाचाच प्रश्न आहे, असे जगाने मानले असते, तर एमसीपी ८४१ परळपर्यंत पोचली नसती.

म्हणून जाणाऱ्याने आणि पाठवणाऱ्या संस्थेने काही प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत. तिथल्या रुग्णालयाने आपल्याला बोलावले आहे, की आपण तिथे जागा विकत घेतली आहे? आपण करणार ते काम आधी कोण करत होते आणि नंतर कोण करणार आहे, त्या दोघांची नावे माहीत आहेत का? आपल्या येण्याने तिथल्या एखाद्या पगारी माणसाची नोकरी तर जात नाही ना? आपल्या तिकिटावर आणि राहण्यावर होणाऱ्या खर्चाइतकी रक्कम तिथल्या कुटुंबांच्या प्रवासभाड्यासाठी देण्याची तयारी आहे का? आणि आपण परत आल्यावर उपचार सोडणाऱ्या मुलांची संख्या कमी झाली की नाही, हे कळवण्याचे बंधन पाठवणारी संस्था स्वीकारते का? यजमान रुग्णालयांनीही संकोच सोडून अटी घालाव्यात. देणगीच्या आशेने प्रत्येक पाहुण्याला वॉर्डात सोडणे ही रुग्णांशी प्रतारणा आहे. परळला येणाऱ्या परक्या तरुणाकडून आपण जे अपेक्षू, म्हणजे लसीकरण, शिस्त, मौन, फोटोबंदी, पडेल त्या कामाची तयारी आणि सुरू केलेले काम कोणाच्या तरी हाती सोपवून जाणे, तेच कंपालाला किंवा मानाग्वाला जाताना आपण स्वतःला लावून घ्यावे. या अटी ज्याला जाचक वाटतात, त्याने घरी राहून पैसे पाठवावेत. त्यात कमीपणा नाही आणि मुलांचे भलेच आहे. ज्याला त्या रास्त वाटतात त्याने अवश्य जावे, कारण अशा अटी मान्य करून येणारी माणसे तिथे खरोखरच कमी पडतात.